दीड हजाराची तुफान-बाटली आणि आईचं मीठ

एप्रिलमध्ये ऑनलाइन एक स्टॉर्म ग्लास मागवला, १४४९ रुपयांना, आणि आता डिसेंबर संपत आलाय, म्हणजे नऊ महिने झाले. एवढे दिवस सांभाळल्यावर रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे मला. दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण ही वस्तू सगळीकडे थोड्याफार फरकानी सारखीच मिळते आणि मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाहीये. ज्यांना शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी मार्क आधीच देते. शोभेची वस्तू म्हणून ५ पैकी ४. हवामान सांगण्यासाठी भोपळा.

वस्तू काय आहे ते सांगते. थेंबाच्या आकाराची, पूर्ण सीलबंद काचेची बाटली, खाली लाकडी बैठक, आत पाण्यासारखं द्रव. त्यात कापूर, अल्कोहोल, पाणी, सोरा आणि नवसागर असतं. यादी आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "अगं, देव्हारा आणि कल्हईवाला एका बाटलीत कोंबलाय की!" खरंच आहे ते, नवसागराचा धूर आणि भांड्यावर फिरणारा कापसाचा बोळा ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच आठवेल. बाटलीत पांढरे स्फटिक होतात, कधी पिसांसारखे, कधी कणकण, कधी तळाला साखर बसल्यासारखे, आणि त्यांच्याकडे बघून उद्याची हवा सांगायची असा दावा. पहिलं पार्सल फुटून आलं, पुठ्ठ्याच्या खोक्याला आरती झाल्यावर येतो तसा वास, बदलून मिळायला अकरा दिवस गेले, पण मिळाली.

सोबत एक कागद येतो. द्रव स्वच्छ असेल तर हवा स्वच्छ. गढूळ असेल तर ढगाळ. बारीक ठिपके म्हणजे दमट किंवा धुकं. गढूळ आणि त्यात चांदण्या म्हणजे गडगडाट. वरच्या बाजूला दोरे दिसले की वारा. इथपर्यंत ठीक आहे, पण पुढे लिहिलंय की थंडीत ऊन असताना चांदण्या दिसल्या तर बर्फ पडणार. हे वाचल्यावरच कळायला हवं होतं की हा कागद कोथरूडसाठी लिहिलेला नाही.

आता प्रत्यक्ष अनुभव. एप्रिल-मे, पुण्यात पारा ३८-३९, बाटली एकदम स्वच्छ, मिनरल वॉटर. रोज सकाळी बघायचं आणि म्हणायचं, हवा स्वच्छ. बरोबरच यायचं, कारण पुण्यात मे महिन्यात हवा स्वच्छ असते हे सांगायला बाटली कशाला लागते. मग एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला वळीव आला, गारांसकट, समोरच्या बिल्डिंगचा पत्रा उडाला, आमच्या बाल्कनीतल्या कुंड्या आडव्या. मी आधी बाटलीकडे धावले. ढिम्म. गंगाजल असावं तशी निर्मळ. तासाभरानी, पाऊस थांबून गारवा आल्यावर, हळूच दोन-चार पिसं उगवली. म्हणजे वरात गेल्यावर बँड.

त्या दिवशी संशय आला आणि प्रयोग सुरू केले. बेडरूममध्ये एसी २२ वर लावला आणि बाटली नेऊन ठेवली, रात्रीत तळाशी जाड पिसं, कागदाप्रमाणे ढगाळ हवा. बाहेर टळटळीत उन्हाळा. मग फ्रिजमध्ये ठेवली, लिंबाच्या लोणच्याशेजारी. दोन तासांनी अर्धी बाटली पांढरीफेक, कागद म्हणतो कडाक्याचं दहिवर. नवरा ऑफिसातून आला, पाणी घ्यायला फ्रिज उघडला आणि विचारलं, "हे कसलं सरबत?" थोडक्यात, बाटली सीलबंद आहे, बाहेरच्या हवेचा दाब तिच्या आत पोचतच नाही, दमटपणा पोचत नाही, पोचते ती फक्त उष्णता. गार झालं की कापूर स्फटिक होऊन बाहेर पडतो, गरम झालं की विरघळतो. तापमान किती भरभर बदललं यावर पिसं होतात की कण हे ठरतं. म्हणजे हा एक देखणा आणि अत्यंत आळशी थर्मामीटर आहे. तोही आकडे न घातलेला.

इथे रिव्ह्यू संपायला हवा होता. पण त्या कागदाच्या वर लिहिलं होतं 'ॲडमिरल फिट्झरॉयचा स्टॉर्म ग्लास' आणि मला प्रश्न पडला की एवढ्या फालतू वस्तूला एका ॲडमिरलचं नाव का. त्या नादात मे-जूनचे सगळे रविवार गेले. नवऱ्याच्या मते वस्तूची खरी किंमत ती, १४४९ नाही.

रॉबर्ट फिट्झरॉय म्हणजे डार्विनला ज्या बीगल जहाजावरून जगप्रदक्षिणा घडली त्या जहाजाचा कप्तान. पुढे थोडे दिवस न्यूझीलंडचा गव्हर्नर. आणि १८५४ साली इंग्लंडच्या सरकारनी हवामानाची एक नवी कचेरी काढली तिचा प्रमुख. काम अगदी कारकुनी होतं, जहाजांकडून वाऱ्या-पावसाच्या नोंदी गोळा करायच्या आणि तक्ते करायचे. उद्या काय होईल ते सांग असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण २५-२६ ऑक्टोबर १८५९ ला रॉयल चार्टर नावाचं जहाज मेलबर्नहून लिव्हरपूलला येत असताना वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. ऑस्ट्रेलियात सोनं मिळवून घरी निघालेली माणसं, घर अगदी जवळ आलेलं असताना सुमारे साडेचारशे जण गेले. त्याच वादळात इतर बोटीही शंभरावर बुडाल्या.

हे वाचताना मी मोठ्यानी वाचत होते आणि आई भाजी निवडत होती. ती अलिबागची. रॉयल चार्टर ऐकल्याबरोबर तिचा हात थांबला, म्हणाली, "म्हणजे रामदाससारखंच." आमच्या आजोळी रामदास हा शब्द संतांसाठी नंतर आणि बोटीसाठी आधी वापरला जातो. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता, गटारीच्या सुमाराला गावी निघालेली माणसं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी बोट, आणि काशाच्या खडकापाशी ती कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हतं, म्हणून सकाळी बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईला कळायला संध्याकाळ झाली, असंच आई तिच्या आजीकडून ऐकत आली. आईचा जन्म त्यानंतरचा, पण ती सांगते अशी की जणू धक्क्यावर उभी होती. त्या घरात पावसाळ्यात कुणी मुंबईला निघालं की आईचे आजोबा आधी बंदरावर जाऊन बावटा बघून यायचे. बावटा म्हणजे वादळाची खूण. आजही बातम्यांमध्ये येतं ना, बंदरात ३ नंबरचा बावटा लावला, तोच.

तर हा बावटा कुठून आला, तर फिट्झरॉयकडून. रॉयल चार्टर बुडल्यावर त्यानी ठरवलं की वादळ एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला वेळ घेतं पण तार लगेच पोचते, मग तारेनी वादळाच्या आधी बातमी पोचवता येईल. साधी गोष्ट आहे, आज आपल्याला वाटतं यात काय मोठं, पण तार येण्याआधी वाऱ्यापेक्षा वेगानी बातमी नेणारं फारसं काही नव्हतंच माणसाकडे. किनाऱ्यावरच्या पंधरा ठिकाणांहून रोज सकाळी तारा यायच्या, वारा कुठला, दाब किती, पाऊस किती. फेब्रुवारी १८६१ पासून त्यानी बंदरांना इशारे द्यायला सुरुवात केली. बंदरावरच्या काठीवर कॅनव्हासचे शंकू आणि पिंप चढवायचे, लांबून जहाजाला दिसतील असे. आपल्याकडे ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झालं, हजारो माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले. मग हळूहळू इतर बंदरं. अजून तीच पद्धत, दिवसा शंकू आणि पिंपं, रात्री लाल-पांढरे दिवे. आईला सांगितलं की तुझ्या आजोबांचा बावटा असा इंग्लंडहून निघून कलकत्त्यावरून आलाय. "असेल," म्हणाली, "पण तो बघायला पहाटे उठून आजोबाच जायचे."

आता वर्तमानपत्राकडे येते, कारण मला खरी गंमत तिथे वाटली. १ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या टाइम्समध्ये पहिल्यांदा उद्याच्या हवेचा अंदाज छापून आला. किती मोठा असेल? जेमतेम तीन ओळी. उत्तरेला मध्यम पश्चिमी वारा, हवा चांगली. पश्चिमेला मध्यम नैर्ऋत्य वारा, हवा चांगली. दक्षिणेला जोराचा पश्चिमी वारा, हवा चांगली. संपलं. ना फोटो, ना 'या १२ जिल्ह्यांना झोडपणार', ना तज्ज्ञांची झोप उडाली. फिट्झरॉयनी त्याला भविष्य म्हणायचं नाकारलं, प्रोफेसी वगैरे शब्द टाळून 'फोरकास्ट' हा शब्द रूढ केला, कारण हा ज्योतिषाचा धंदा नाही, हे हिशेबानी बनवलेलं मत आहे असं त्याचं म्हणणं.

लोकांनी अर्थात ते भविष्य म्हणूनच वाचलं. कपडे वाळत घालायचे का, सहलीला जायचं का, घोड्यांच्या शर्यतीला कुठली टोपी घालायची, सगळं त्या तीन ओळींवर. व्हिक्टोरिया राणीला आपल्या बेटावरच्या घरी जायचं होतं तर तिनी फिट्झरॉयच्या घरी माणूस पाठवून विचारलं होतं की समुद्र शांत असेल ना. आणि अंदाज चुकला की टिंगल, त्याच पेपरात ज्यात तो छापून यायचा. आपल्याकडे 'वेधशाळा म्हणते पाऊस, म्हणजे छत्री घरी ठेवा' हा विनोद गेल्या तीन पिढ्या चाललाय, मला वाटायचं ही खास आपली पुणेरी निर्मिती आहे. छे. हा विनोद अंदाजाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

फिट्झरॉयचं पुढे वाईट झालं. टीका, कर्ज, खचलेलं मन. ३० एप्रिल १८६५ ला त्यानी आत्महत्या केली. त्याच्या मागे एक समिती बसली, तिनी अंदाजांना काही शास्त्रीय आधार नाही म्हणून सगळं बंद करायला लावलं. आणि मग ओरडा कुणी केला, तर किनाऱ्यावरच्या लोकांनी. त्यांना टोपीची चिंता नव्हती, त्यांना तो शंकू हवा होता. वर्षाच्या आत बंदरांचे इशारे परत सुरू करावे लागले. पेपरातले अंदाज मात्र परत यायला १८७९ साल उजाडलं. मधल्या काळात १ एप्रिल १८७५ ला टाइम्सनी हवामानाचा नकाशा छापला, वर्तमानपत्रातला पहिला, फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञानी केलेला, पण तो आदल्या दिवशीच्या हवेचा होता. काल काय झालं ते सांगायला कुणाला भीती वाटत नाही.

मग बाटली? बाटली त्याची नव्हतीच. ती त्याच्या आधीपासून बाजारात होती, त्यानी १८६३ च्या आपल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं, आत काय काय घालतात ते लिहिलं, आणि दुकानदारांनी नाव उचललं. ज्या माणसानी पंधरा गावांच्या तारा एकत्र करून हवा समजून घ्यायला शिकवलं त्याच्या नावावर आज एकट्यानी टेबलावर बसून हवा सांगणारी बाटली विकली जाते. माझी या वस्तूबद्दलची मुख्य तक्रार ही आहे, स्फटिकांबद्दल नाही.

मला वाटलं होतं हे सगळं विलायतेचं प्रकरण आहे. पण मुंबईचा धागा लागला आणि तो मला भलताच आवडला. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, ईस्ट इंडिया कंपनीनी बांधलेली, जहाजांना वेळ सांगणं हे तिचं मुख्य काम, पुढे १८४१ पासून चुंबकीय नोंदी. आणि १८४० च्या दशकात तिथला कारभार बघणाऱ्यांमध्ये एक कोण, तर बाळशास्त्री जांभेकर. हो तेच, ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढणारे, ज्यांच्यामुळे आपण पत्रकार दिन साजरा करतो. देवगडकडच्या पोंभुर्ल्याचा माणूस. शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिला होता मी, पहिले पत्रकार, गणिताचे प्राध्यापक, सगळं घोकलं होतं, वेधशाळेची ओळ नुसती पाठ केली आणि पुढे गेले. आणि दुसरा माणूस जॉर्ज बुइस्ट, 'बॉम्बे टाइम्स'चा संपादक, तोही त्याच दशकात कुलाबा वेधशाळेचा प्रमुख होता. म्हणजे मुंबईतल्या मराठी पत्रकारितेचा जनक आणि इंग्रजी पेपरचा संपादक, दोघांचेही हात पारा वाचण्यात गुंतलेले! आज संपादकाला विचारा की काल किती मिलिमीटर पडला, तो वार्ताहराला फोन लावेल. बुइस्टला तर गारांचं वेड होतं, हिंदुस्थानात कुठे केवढ्या गारा पडल्या याच्या नोंदी त्यानी जमवल्या. माणूस म्हणून कसा होता ते वेगळं, १८५७ च्या उठावानंतर त्यानी हिंदी लोकांविरुद्ध इतकं जहरी लिहिलं की पेपरच्या हिंदी भागधारकांनी त्याला खुर्चीवरून उठवलं. त्या पेपरचं १८६१ साली नाव बदलून टाइम्स ऑफ इंडिया झालं, लंडनच्या त्या तीन ओळी छापून आल्या तेच वर्ष.

गणिती केरोपंत छत्रे पण पोरवयात कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला होते, आणि हेच पुढे पंचांगाच्या गणितातल्या चुका काढून पटवर्धनी पंचांगामागे उभे राहिले. त्यामुळे पंचांग म्हणजे अडाणीपणा आणि वेधशाळा म्हणजे शास्त्र अशी सरळ भिंत त्या काळात नव्हती, एकच माणूस दोन्हीकडे होता. बाकी मृगाचं वाहन बेडूक, आर्द्राचं म्हैस वगैरे जे आपण दर जूनला वाचतो तो साधा भागाकार आहे, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि ९ नी भागायचं, बाकीवरून प्राणी. ढगाचा काही संबंध नाही. म्हणजे आमच्या बाटलीसारखंच, पण निदान फुकट आणि कॅलेंडरच्या मागे मिळतं. म्हणींचं तसं नाही हं. 'पडल्या मघा, नाहीतर ढगाकडे बघा' यात कुणाच्या तरी वावरातले शे-दोनशे पावसाळे आहेत. आईकडे मघांची एक दुसरी म्हणही आहे, ती इथे लिहिण्यासारखी नाही, ज्यांच्या घरी गावाकडचं माणूस आहे त्यांनी विचारून घ्या.

हे सगळं वाचताना एक प्रसंग सापडला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपलं हवामान खातं १८७५ चं. ब्लॅनफर्ड पहिला प्रमुख, त्यानी हिमालयावर बर्फ जास्त तर पाऊस कमी असा आडाखा बांधून १८८६ साली पहिला मोसमी अंदाज दिला. त्याच्यानंतर एलियट आला. १८९९ साली एलियटनी सांगितलं, पाऊस चांगला होणार. आणि झाला तो छप्पनियाचा दुष्काळ, संवत १९५६ वरून गुजरात-राजस्थानात अजून तेच नाव आहे. वर्तमानपत्रांनी खात्याला फाडून खाल्लं. मग खात्यानी काय केलं असेल? अंदाज सुधारले? काही वर्षं अंदाज गोपनीय करून टाकले! फक्त सरकारी लोकांना कळणार, पेपरांना नाही. ज्या शेतकऱ्यानी त्या अंदाजावर काही ठरवलं असेल त्याच्या हाती काय आलं, तर ना पाऊस ना पुढचा अंदाज. आता पुण्यात सिमला ऑफिसच्या स्टॉपवर बस बदलणाऱ्या किती जणांना माहीत असतं की हे नाव का, तर खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून तिथे आलं म्हणून. मला चाळीस वर्षं पुण्यात राहून माहीत नव्हतं, मी समजत होते कुणातरी सिमला नावाच्या बाईंचं ऑफिस असेल. हसा.

बरं, प्रॉडक्टकडे परत. ज्यांना खरंच घरात हवामानाचं यंत्र हवंय त्यांना लोक सांगतात की स्टॉर्म ग्लास सोडा, बॅरोमीटर घ्या. तेही करून बघितलं. बुधवारी जुन्या बाजारात गेले, एका काकांकडे पितळी डबीचा ॲनेरॉइड मिळाला, म्हणजे पारा नसलेला, आत पातळ धातूची पोकळ डबी असते ती दाबानी चेपते-फुगते. बाराशे म्हणाले, सातशेला दिला. तबकडीवर डावीकडून स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर, व्हेरी ड्राय असं नक्षीदार लिहिलेलं. घरी आणून भिंतीवर लावला तर काटा स्टॉर्मीवर. दुसऱ्या दिवशी स्टॉर्मी. आठवडाभर स्टॉर्मी, बाहेर लख्ख. मला वाटलं काकांनी गंडवलं. मग डोक्यात प्रकाश पडला, ती तबकडी समुद्रकाठच्या गावासाठी आहे. तिथे दाब ३० इंच पाऱ्याच्या आसपास, आणि आपलं पुणं सुमारे ५६० मीटर उंच, इथे तो २८ इंच. विलायती तबकडीवर २८ म्हणजे प्रलय. म्हणजे यंत्र अगदी बरोबर होतं आणि त्याच्या मते आपण सगळे पेशवाईपासून चक्रीवादळात राहतोय. मागे एक छोटा स्क्रू असतो तो फिरवून जुळवावं लागतं, घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

जुळवला. तरी गोची आहेच. आपल्याकडे दाब दिवसातून दोनदा आपोआप वर-खाली होतो, सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली, काटा साधारण एक दशांश इंच हलतो. वादळ नसताना, रोज, घड्याळासारखा. महिनाभर मी दुपारी चारला काटा उतरलेला बघून दोरीवरचे कपडे आत घेत होते. इंग्लंडात मोठं वादळ येताना काटा इंचभर कोसळतो म्हणून तिथे घरातल्या बॅरोमीटरला अर्थ होता, सकाळी हॉलमध्ये येऊन काचेवर टिचकी मारायची आणि मग पेपर उघडायचा. आपल्या हवेत ती टिचकी मारण्यापुरतीच. दिसायला मात्र फार सुरेख आहे, पाहुणे विचारतात, आणि सातशेत पितळ तरी मिळालं.

आणि खरं काम कुणी केलं ते सांगते. ओट्यावर मिठाची चिनीमातीची बरणी आहे, आईची. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाटली स्वच्छ, बॅरोमीटर आपला चारला खाली. आईनी बरणीत बोटं घातली, चिमूट चोळली आणि म्हणाली, "मीठ ओलावलं." मग बाथरूमचं दार ढकलून बघितलं, खालच्या कोपऱ्यात अडकलं. "पापडाचे डबे वर ठेव, आणि तांदळात कडुलिंबाचा पाला घाल." मी म्हणलं, आई, मोबाइलवर तर सहा दिवस कोरडे दाखवतायत. तिनी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस. आता हे शास्त्र म्हणून मिरवत नाहीये, मीठ हवेतला दमटपणा सांगतं, पाऊस नाही, आणि जूनमध्ये पुण्यात तीन दिवसांत पाऊस येईल हे कुणीही सांगेल. पण निदान मिठाला बाहेरची हवा लागते. सीलबंद नाहीये ते.

घ्यावा की नाही? भेट द्यायला चांगला आहे, खास करून ज्यांच्याकडे सगळं आहे अशा लोकांना. बेंगळुरू, नाशिक, महाबळेश्वर अशा ठिकाणी जिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फरक पडतो तिथे स्फटिक छान दिसतील, मुंबईच्या दमट एकसुरी हवेत वर्षातले आठ महिने नुसतं पाणी बघायची तयारी ठेवा. उन्हात ठेवू नका. लहान मुलं असतील तर उंचावर, आत अल्कोहोल आणि सोरा आहे, खेळणं नाही ते. लाकडी बैठक लाकूड नाही, चिकटवलेला कागद आहे, पावसाळ्यात आमची फुगली. त्यासाठी अर्धा मार्क कापायला विसरले होते, वरचे ४ साडेतीन समजा.

आई दिवाळीनंतर अलिबागला परत गेली. जाताना बरणी इथेच ठेवून गेली, मी मागितली म्हणून. परवा सकाळी पुण्यात चांगलीच थंडी होती, खिडकीत कोवळं ऊन, आणि बाटलीत तळापासून गळ्यापर्यंत चांदण्याच चांदण्या, इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. नेमका तिचा फोन आला.

"काय म्हणते तुझी बाटली?"

"कोथरूडला बर्फ पडणारे म्हणते."

"बरं," आई म्हणाली, "मग लाव गच्चीवर बावटा."